घोड्यांनी आज काय खाल्ले?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गात एक नवा खेळ शिरला. एका विद्यार्थ्याचा मावसभाऊ पुण्यात अभियांत्रिकीला आहे. त्याच्याकडून तो शेवगावला आला. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपण काय करणार ते बोलतात आणि अडले की फासा टाकतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने जो खेळ काढला, त्याचेच हे गोतावळ्यातले रूप. मराठी विभागाची खोली मधल्या सुट्टीत रिकामी असते म्हणून मुले तेथे बसू लागली. आम्ही दोघे अध्यापक आधी कपाळाला आठ्या घालून आणि मग खुर्ची ओढून तो खेळ पाहू लागलो. मराठीच्या वर्गात जी मुले तोंड उघडत नाहीत, ती येथे अर्धा अर्धा तास कथन करीत होती.

एके दिवशी पाच वीर घोड्यांवर स्वार होऊन वाळवंट ओलांडत होते. चौथा दिवस मावळला, शेकोटी पेटली, पहाऱ्याच्या पाळ्या ठरल्या. बाजूला बसून नुसते ऐकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तेव्हा विचारले, "चार दिवस झाले. घोड्यांनी खाल्लं काय?" सगळे हसले. सूत्रधार म्हणाला, "ते धरलेलं असतं गं." ती गप्प बसली. तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, बैलगाडीवर. बैलांची वैरण 'धरलेली' नसते, ती रोज मिळवावी लागते, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते.

तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. वीस वर्षे आम्ही ऐतिहासिक कादंबरी शिकवतो आहोत. तो प्रश्न आम्हांला एकदाही पडला नव्हता, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

खेळाच्या नियमपुस्तकाची बाजूही ऐकून घेऊ. पाचव्या आवृत्तीचे २०१४ सालचे खेळाडूंचे पुस्तक उघडले, तर त्यात स्वारीचा घोडा पंचाहत्तर सुवर्णनाण्यांना आहे आणि त्याचा एका दिवसाचा खाद्यखर्च पाच ताम्रनाणी, वजन दहा पौंड, असा दिलेला आहे. म्हणजे पुस्तककर्त्यांना घोड्याचे पोट ठाऊक नाही असे नव्हे. दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. घोडा साधारणपणे आपल्या वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा रोज खातो, या हिशेबाने चारशे किलोच्या जनावराला आठ किलो लागतील. वर पंचवीस-तीस लिटर पाणी. नियमपुस्तकाने घोड्याला अर्धपोटी ठेवले आहे, पण आमची तक्रार ती नाही. तक्रार अशी, की तेथे वैरणीला किंमत आहे आणि मोसम नाही. पाच ताम्रनाणी भाद्रपदातही आणि वैशाखातही. वैरण कोणाच्या रानातून आली, ती देणाऱ्याच्या गोठ्यात मागे काय उरले, याला पुस्तकात रकाना नाही. बहुतेक खेळाडू तर हा रकानाही पाहत नाहीत. सूत्रधाराप्रमाणे 'धरून' चालतात. कंटाळा आला की मंत्राने घोडा निर्माण करण्याची सोयही आहे. तो काम झाले की विरून जातो.

येथे आमच्या मराठी वाचकाने हसण्याचे कारण नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतला घोडा आठवून पाहावा. तो अबलख असतो, उमदा असतो, तोंडाला फेस येईपर्यंत दौडतो. धन्याची चाहूल लागताच तो कान टवकारतो. नायक पायउतार होतो, त्याच्या मानेवर थाप मारतो, लगाम मोतद्दाराच्या हाती देतो आणि जिना चढून सदरेवर जातो. कादंबरीही त्याच्याबरोबर जिना चढते. ती मोतद्दाराबरोबर पागेत जात नाही. त्या घोड्याचा खरारा, तोबऱ्यातले हरभरे, उन्हातून आलेल्या जनावराला लगेच पाणी दाखवायचे की नाही याचा विचार, गंजीतली किती वैरण उरली याची चिंता, हे सारे जिन्याच्या खालीच राहते. दुसऱ्या प्रकरणात घोडा पुन्हा ताजातवाना उभा असतो. त्यालाही मंत्राचाच घोडा म्हणायला हवे.

भाषेने मात्र हे विसरले नव्हते. चंदी, तोबरा, दाणावैरण, दाणागोटा, पेंढी, गंज, दावण, पागा, मोतद्दार, ही सगळी शब्दसंपत्ती घोडा पोसणाऱ्या समाजाची आहे. लाच देण्याला आपण 'चंदी चारणे' म्हणतो ते उगाच नव्हे. बारगीर आणि शिलेदार हा भेद आपण पाठ्यपुस्तकात पाठ करून घेतो. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. या व्याख्येच्या पोटात खरा प्रश्न आहे तो घोड्याला खाऊ कोण घालणार हाच. सरकारने घातले तर स्वार सरकारचा, स्वतः घातले तर स्वार बराचसा स्वतःचा. सत्तेचे अख्खे गणित गव्हाणीपाशी सुटते.

आम्ही ज्या तालुक्यात शिकवतो त्या तालुक्याचे नाव इतिहासात ज्या एका घटनेने आहे, ती घटनाही वैरणीचीच आहे, हे त्या मुलीच्या प्रश्नानंतर आमच्या ध्यानात आले. २८ फेब्रुवारी १७२८ रोजी वैजापूरजवळच्या पालखेड येथे पहिल्या बाजीरावाने निजामउल्मुल्काला कोंडले आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. मुंगी हे गाव आमच्याच तालुक्यात, गोदावरीकाठी, पैठणजवळ. शाहूंचा दक्षिणेतील चौथाई-सरदेशमुखीचा हक्क निजामाने तेथे मान्य केला. ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी याने आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची वाखाणणी केली आहे आणि आमच्याकडच्या प्रत्येक व्याख्यानात ते सांगितले जाते. व्याख्यानातला शब्द असतो 'चपळाई'. पण पालखेडला घडले काय? बाजीरावाच्या स्वारांनी निजामाला वेगाने येण्यास भाग पाडले. त्या घाईत त्याच्या अवजड तोफा मागे राहिल्या, आणि मग त्याचे दाणापाणी तोडले. मोठी समोरासमोरची लढाई झालीच नाही. माणसांना पाणी आणि जनावरांना वैरण मिळेना तेव्हा निजाम बोलणी करू लागला. पालखेडचा विजय तलवारीइतकाच गंजींवरचा आणि पाणवठ्यांवरचा विजय होता.

आणि चपळाईला तरी काय लागले? आम्ही वर्गात फळ्यावर हिशेब मांडला. दक्षिणेतला घोडा लहान, काटक. तीनशे किलो धरू. त्याला रोज सहा किलो कोरडी वैरण. कडब्याची पेंढी दीड किलोची धरली तर चार पेंढ्या. दहा हजार घोडे असतील तर चाळीस हजार पेंढ्या. कोरडवाहू एकरात हिशेबापुरत्या पाचशे पेंढ्या धरल्या तर रोज ऐंशी एकरांचा कडबा. दाण्याचा हिशेब वेगळा. हे आकडे आमचे अंदाजाचे आहेत, पालखेडच्या फौजेचे नव्हेत. पण मुलांच्या चेहऱ्यावरचा बदल खरा होता. ऐंशी एकर म्हणजे किती हे त्यांना माहीत आहे. ऐंशी एकर म्हणजे त्यांच्या वस्तीवरच्या दहा-पंधरा घरांचे सगळे रान. ते एका दिवसात, एका मुक्कामात, घोड्यांच्या पोटात गेले. आणि फेब्रुवारी म्हणजे आमच्या भागात रब्बीच्या ज्वारीची काढणी. तो कडबा पुढच्या पावसापर्यंत गावच्या बैलांना पुरवायचा असतो.

बाजीरावाची एक आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. शत्रूने चित्रकाराला त्याचे चित्र काढून आणायला सांगितले. चित्रकाराने जे पाहिले ते काढले : घोड्यावर बसलेला, लगाम सैल सोडलेला, खांद्यावर भाला, आणि चालता चालता ज्वारीची कणसे तळहातांवर चोळून दाणे खाणारा पेशवा. हे चित्र साधेपणाचे आणि वेगाचे म्हणून सांगितले जाते. आम्हीही तसेच सांगत आलो. आता त्या चित्रात आणखी एक गोष्ट दिसते. ती कणसे कोणाच्या तरी रानातली आहेत. चित्रात तो शेतकरी नाही. कणसे पेशव्याने खाल्ली, ताटे घोड्याने खाल्ली असतील, आणि चित्रकार, शत्रू, इतिहासकार, व्याख्याते आणि आम्ही, सर्वांनी फक्त स्वार पाहिला.

दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो, सोने लुटतो. मराठी फौजा दसऱ्यानंतरच का निघत, हा प्रश्न विचारला की विद्यार्थी 'शुभमुहूर्त' असे उत्तर देतात. पावसाळ्यानंतर नद्या उतरलेल्या असतात, रानात गवत गुडघ्याएवढे असते, खरिपाचे पीक हाताशी आलेले असते. फौजेला वाटेवर खायला मिळण्याचा तो पहिला दिवस. ज्या प्रांतातून फौज जाई तेथे पिकांची जी तुडवणूक होई तिला आपल्या जुन्या कागदपत्रांत 'पायमल्ली' असा शब्द आहे. आणि वऱ्हाड, गुजरात अशा प्रांतांतून मराठे जी एक वसुली करीत तिचे नावच 'घासदाणा' होते. घास म्हणजे गवत, दाणा म्हणजे चंदी. आपल्या घोड्याचे पोट दुसऱ्याच्या गावावर टाकणारा हा कर. नागपूरकर भोसल्यांचे स्वार १७४२ पासून दहाएक वर्षे बंगालवर चालून जात होते. तेथे 'बर्गी' हा शब्द भीतीचे नाव म्हणून अंगाईत जाऊन बसला. बर्गी म्हणजे आपले बारगीर. आपल्या पोवाड्यात जी टाप ऐकू येते तीच टाप दुसऱ्या भाषेतल्या आईने वेगळी ऐकली.

म्हणून आमचे म्हणणे असे : घोड्याच्या वैरणीचा हिशेब म्हणजे कल्पनेच्या पायात घातलेली बेडी नव्हे. कथेत रयत ज्या दाराने आत येते ते दार म्हणजे वैरण. ते बंद केले की कथेत स्वार, किल्ला, कट आणि प्रेम एवढेच उरते. घोडा जेवला तर त्याला वाढणारा हात दिसतो. तो हात दिसला की हा हात खुषीने देतो आहे की धाकाने, हा प्रश्न येतो, आणि मग नायक कोण आहे हे ठरते.

याला आमच्याकडे सर्वांत मोठा आधार आहे तो शिवाजी महाराजांचा. राज्याभिषेकाच्या आगेमागे, १६७३-७४च्या सुमारास, चिपळूणजवळ छावणी केलेल्या फौजेच्या जुमलेदार, हवालदार, कारकून यांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेची काळजी वाहणारा राजा म्हणून या पत्राचा दाखला भाषणांतून सतत दिला जातो, आणि तो योग्यच आहे. पण ते पत्र मुळात वैरणीचे आहे, याकडे लक्ष गेले नाही. पावसाळ्यासाठी म्हणून दाभोळ सुभ्यात दाणा, वैरण साठवलेली होती, ती खर्च होत चालली आहे, हा पत्राचा आरंभ. आज हवे तसे उधळाल तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्ही मारली असे होईल. मग तुम्ही गावात शिराल, कुणब्याकडून कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी. मग रयत परागंदा होईल आणि तिला तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल. पत्राची विचारसाखळी ही अशी आहे. पुढे तर राजा गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखू ओढू नका, रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत येतो.

उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करणारी ही कल्पनाशक्ती आहे. आम्ही तिला साहित्यिक कल्पनाशक्ती म्हणू. न घडलेली आग, न झालेला उपवास, न उजाडलेला गाव हे सगळे तिने आधीच पाहिले आहे. आणि तिचा प्रारंभ गवताच्या गंजीपासून होतो. रयतेवरची माया आणि पेंढ्यांचा हिशेब या दोन निराळ्या गोष्टी नाहीत, हे पत्र वाचल्यावर कळते. वैरण मोजून न देणारा सेनापती कितीही दयाळू असला तरी त्याचे स्वार गावात शिरणारच.

आता आक्षेप. पहिला आमच्या सहकाऱ्यांचाच. ते म्हणतात, अद्भुताला हिशेब विचारू नये. उच्चैःश्रव्याला कडबा कोण घालतो? अरबी कथेतल्या कळीच्या घोड्याला तोबरा बांधायचा का? हा आक्षेप आम्हांला अर्धा मान्य आहे. लाकडी घोडा उडतो तो न खाण्यासाठीच. त्याला कोणी चंदी मागू नये. पण जी कथा मुक्काम, अंतर, दिवस, जखमा, धान्याच्या पिशव्या यांचा हिशेब ठेवते आणि फक्त जनावराचा ठेवत नाही, तिला अद्भुताची ढाल घेता येणार नाही.

शिवाय आपले अद्भुत इतके बेफिकीर कधी नव्हते. महाभारतात अज्ञातवासात नकुल ग्रंथिक या नावाने विराटाच्या अश्वशाळेत राहतो. नल बाहुक होऊन ऋतुपर्णाचे घोडे सांभाळतो. आणि द्रोणपर्वातला तो प्रसंग : सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारण्याची प्रतिज्ञा, एकेक घटका मोलाची, आणि घोडे थकलेले, बाणांनी विंधलेले, तहानलेले. अर्जुन रथातून खाली उतरतो. बाणाने भूमी फोडून जलाशय निर्माण करतो, भोवती बाणांचे घर उभारतो. श्रीकृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, विश्रांती देतो आणि मग पुन्हा जुंपतो. यात अद्भुत आहे, भरपूर आहे. पण ते अद्भुत तहानेच्या सेवेला आले आहे. तहान नसती तर त्या सरोवराला अर्थ नव्हता. महाभारतकाराने युद्ध थांबवून घोड्यांना पाणी पाजले, आणि आपण शांततेच्या प्रकरणातही ते पाजत नाही.

पाश्चात्त्यांमध्येही जाणत्यांना हे उमगलेले आहे. डायना विन जोन्स या लेखिकेने १९९६ साली अद्भुतकथांची थट्टा करणारे एक प्रवासी मार्गदर्शकच लिहिले. त्यात दिवसभर चौखूर उधळूनही न थकणाऱ्या, दाणापाण्यावाचून चालणाऱ्या घोड्यांची तिने यथेच्छ टर उडवली आहे. उलट टॉल्किनच्या कथेत बिल नावाचे एक तट्टू आहे. ते विकत घेतले जाते तेव्हा उपासमारीने खंगलेले असते, पुढे नीट खाऊ-पिऊ घातल्यावर अंग धरते, आणि मोरियाच्या दाराशी ज्या अंधारात ते येऊ शकत नाही तेथे त्याला निरोप द्यावा लागतो. वाचकाचे डोळे त्या निरोपाला भरून येतात, कारण त्या तट्टाचे पोट त्याने आधी पाहिलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. रोज पेंढ्या मोजायच्या तर खेळ रुक्ष होईल, कादंबरी सरकारी खतावणी होईल. हेही खरे. पण आम्ही रोजची नोंद मागत नाही. ज्या दिवशी वैरणीमुळे निर्णय बदलतो त्या दिवशी ती दिसावी, एवढेच. कादंबरीकाराला हे साधत नाही असेही नाही. विश्वास पाटील यांच्या १९८८ सालच्या 'पानिपत'मध्ये भूक ही पार्श्वभूमी राहत नाही, ती कथानक पुढे ढकलते. इतिहासच तसा होता. १७६०च्या अखेरीस भाऊसाहेबांची छावणी कोंडली गेली, रसद पोचविण्याच्या खटपटीत असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले, जनावरे तडफडून मेली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज बाहेर पडली. पण येथे एक खोच आहे. पराभवाची कथा सांगताना आपल्याला वैरण आठवते, विजयाची सांगताना आठवत नाही. पानिपतात घोडे उपाशी मरतात. पालखेडात घोडे नुसते धावतात. दोन्हीकडे निर्णय दाण्यागवताने झाला. हरलो ते भुकेने आणि जिंकलो ते शौर्याने, अशी ही वाटणी आहे. ती साहित्याने मोडायला हवी.

आम्ही एक प्रयोग केला. त्याच मुलांना म्हटले, फासे तुमचे, प्रदेश आपला. तीन शनिवार वर्गात पालखेडचा खेळ मांडला. जमिनीवर खडूने गोदावरी, प्रवरा, औरंगाबाद, पैठण, मुंगी. वैरणीसाठी चिंचोके. एक चिंचोका म्हणजे हजार पेंढ्या. प्रत्येक गावावर मोजके चिंचोके ठेवले. दोन गट दोन फौजा झाले. तिसरे पात्र त्या विद्यार्थिनीने मागून घेतले. नियमपुस्तकात नसलेले पात्र : गावे. तिने एकच नियम सांगितला. "लागेल तेवढं घ्या. फक्त परतीची वाट हीच आहे, तेवढं ध्यानात ठेवा."

पहिल्या शनिवारी दोन्ही फौजांनी वाटेतली गावे साफ केली. दुसऱ्या शनिवारी परतताना एकाही गावावर चिंचोका नव्हता. आमच्या 'मराठी' फौजेचा सरदार चिडून म्हणाला, "अगं, एवढं मोठं गाव, काही तरी दडवलेलं असेल." ती म्हणाली, "माणसं उठून गेली. आता दडवायला कोण आहे?" वर्ग शांत झाला. तिसऱ्या शनिवारी मुलांनी पुन्हा आरंभापासून डाव मांडायचा हट्ट धरला आणि या वेळी चिंचोके मोजून घेतले, काही गावांना पैसे दिले, एका गावाला वगळून लांबची वाट धरली. खेळ संथ झाला, पण कोणी उठून गेले नाही. दोन वर्षे शिवकालीन पत्रव्यवहार शिकवून जे साधले नव्हते ते त्या तासाला साधले. चिपळूणचे पत्र त्यानंतर वाचले. उंदराच्या वातीपाशी कोणी हसले नाही.

हा प्रश्न आमच्या भागात इतिहासजमा झालेला नाही. दसऱ्यानंतर शेवगाव-पाथर्डीच्या वाटांनी आजही तांडे निघतात, फक्त आता ते घोड्यांचे नसतात. कोयते निघतात. ज्यांच्या बैलगाड्या आहेत ते बैल घेऊन जातात. फडात उसाची वाढी हीच त्या बैलांची वैरण, आणि उरलेल्या वाढ्यांचे चार पैसे होतात. कोपीवर पोचल्यावर बायका स्वतःची चूल पेटवण्याआधी बैलांपुढे वाढी टाकतात. धनगरांचे वाडे मेंढ्या घेऊन येतात. लहानशा घोड्यावर संसार, वर कोंबड्या, वर पोर. ते रानात मेंढ्या बसवतात, शेताला खत मिळते, त्यांना धान्य मिळते. घोडे आणि मेंढरे त्याच रानात चरतात. ही देवघेव कोणत्याही नियमपुस्तकापेक्षा बारीक आहे. आणि २०१३ आणि २०१९च्या दुष्काळांत आमच्या जिल्ह्यात जनावरांसाठी ज्या चारा छावण्या उभ्या राहिल्या, त्यांना 'छावणी' हा फौजेचाच शब्द लागला. मोठ्या जनावराला किती किलो, लहानाला किती, याचे फलक तेथे लागलेले होते. आमच्या विद्यार्थ्यांतले कित्येक जण त्या छावणीत जनावरांपाशी झोपले आहेत. त्यांच्या हातात कादंबरी देताना आम्ही त्यांना हे ज्ञान विसरायला लावतो, जणू ते साहित्याच्या कामाचे नाही.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांना आमची साधी सूचना आहे. ऐतिहासिक वा अद्भुत, कोणतीही कलाकृती शिकवताना एक तास नायकाला जिना चढू द्यावा आणि आपण मोतद्दाराबरोबर पागेत जावे. हा घोडा आज काय खाणार, ते कोठून येणार, महिना कोणता, देणारा कोण, हे चार प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावेत. मजकुरात उत्तर नसेल तर ते त्यांनी लिहावे. पानभर पुरे. खेळणाऱ्या मुलांनाही हेच सांगावे. मांत्रिक असू द्या, राक्षस असू द्या, फक्त मुक्कामाला पोचल्यावर आधी गव्हाणीकडे बघा.

आमच्या वर्गात आता तसा प्रघातच पडला आहे. शेकोटी पेटली, पहारे ठरले, की सूत्रधार स्वतःच थांबतो आणि त्या मुलीकडे बघतो. परवा ती आली नव्हती. आईवडील फडावर, धाकटा भाऊ तापाने फणफणलेला, म्हणून घरी राहिली होती. खेळ सुरू झाला, मुक्काम पडला. क्षणभर कोणी बोलले नाही. मग ज्याने पूर्वी "ते धरलेलं असतं" म्हटले होते त्यानेच चिंचोक्यांची पिशवी पुढे ओढली आणि मोजायला सुरुवात केली.